पावसाळ्यात सह्याद्रीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: तयारी, परतीचा निर्णय आणि जबाबदारी

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही सात जण अकोले तालुक्यातील पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सकाळी साडेआठला वाटेतला ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याइतके होते आणि तळाचे दगड मोजता येतील इतके नितळ होते. दुपारी तीनला परत आलो, तर त्याच जागी कमरेच्या वर चढलेले गढूळ पाणी लोंढ्याने वाहत होते आणि आतून दगडावर दगड आपटल्याचा दबका आवाज येत होता. ‘आता उतरेल, मग उतरेल’ असे म्हणत आम्ही तासभर भर पावसात काठावर उभे राहिलो. त्या तासाभरात आमच्यातल्या एकाला सॅकची चेन उघडता येईनाशी झाली. त्याची बोटे चेनच्या टोकावरून पुन्हा पुन्हा घसरत होती आणि ‘मी ठीक आहे’ एवढेसुद्धा तो अडखळत बोलत होता. तेव्हा कुठे आम्ही मागे वळलो आणि वाटेवरच्या एका झोपडीत शिरलो. तिथल्या वयस्कर बाबांनी काहीही न विचारता चूल पेटवली, त्याचे ओले कपडे उतरवायला लावले, अंगावर घोंगडी टाकली आणि गुळाचा कोरा चहा हातात दिला. रात्र आम्ही तिथेच काढली. सकाळी ओढा पुन्हा घोट्यापर्यंत उतरला होता.

त्या दिवशी जे जे घडले, ते सगळे आम्हाला घरी बसूनच ओळखता आले असते. ओढा केव्हा चढतो, अंग केव्हा गारठते, उजेड केव्हा जातो, यातले काहीच अनपेक्षित नव्हते. आम्ही कोणत्या वेळी मागे फिरायचे हे आधी ठरवले नव्हते, आणि ओल्या, दमलेल्या, घराची ओढ लागलेल्या अवस्थेत तो निर्णय नीट घेता येत नाही. म्हणून पहिल्यांदाच पावसाळी ट्रेकला निघणाऱ्यांसाठी ही माहिती क्रमवार लिहीत आहे.

१. गड आणि वाट पावसाच्या हिशेबाने निवडा

हिवाळ्यात सोपी असलेली वाट पावसाळ्यात सोपी राहीलच असे नाही. लोहगडासारख्या बांधीव पायऱ्यांच्या गडावर निसरडेपणा आणि गर्दी हाच मुख्य धोका असतो, आणि सुरुवातीला असाच गड निवडावा. हरिहरच्या उभ्या कातळकोरीव पायऱ्या, कलावंतीण, साम्रदची सांदण दरी आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ही ठिकाणे नवख्यांनी पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य समजावीत. सांदणसारख्या अरुंद घळीत पाण्याचा लोंढा आला तर बाजूला सरकायलाही जागा नसते.

वाट निवडताना तीन गोष्टी विचारून घ्या: वाटेत किती ओढे ओलांडावे लागतात, त्यांवर पूल आहेत का, आणि ओढे चढले तर दुसऱ्या बाजूने उतरता येते का. दुसरी वाट नसेल आणि ओढे दोनांहून अधिक असतील, तर ती वाट पहिल्या ट्रेकसाठी घेऊ नका.

२. हवामानाचा अंदाज वाचायला शिका

बहुतेक जण फोनवरचे ढगाचे चित्र पाहून निघतात आणि तिथेच पहिली चूक होते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. म्हणूनच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या एक-पंचमांशही पडत नाही. पुणे किंवा नाशिक शहराचा अंदाज पाहून गडावरच्या पावसाची कल्पना करणे, म्हणजे वाईतले आभाळ पाहून महाबळेश्वरला छत्रीशिवाय जाणे होय. भारतीय हवामान विभाग जिल्ह्याबरोबरच घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो. तुम्हाला लागू असतो तो घाटमाथ्याचा.

इशाऱ्याचे रंग चार आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे तातडीने कृती करण्याची वेळ आली आहे. घाटमाथ्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर ट्रेक रद्द करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळ्यावरसुद्धा नवख्यांनी ओढ्याची वाट घेऊ नये. पाचनईला गेलो त्या दिवशी इशारा पिवळाच होता.

अंदाजातले शब्दही मोघम नसतात. हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला फक्त एक चौरस किलोमीटर पठार असेल आणि तिथे शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा कोटी लिटर पाणी जमा होते. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते आणि खाली काळा कातळ असतो, त्यामुळे त्यातले बहुतेक पाणी मुरत नाही, ओढ्याच्या अरुंद पात्रातून खाली येते. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस थांबलेला असला तरी ओढा चढत राहतो, त्याचे कारण हेच.

निघण्याआधी तीन वेळा अंदाज पाहा: तीन दिवस आधी, आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या पहाटे. हवामान विभागाचे ‘मौसम’ हे ॲप आणि विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप फोनमध्ये असू द्या. पुढच्या तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक इशाराही पायथ्याला पाहून घ्या, कारण वर गेल्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही. शेवटी पायथ्याच्या गावात फोन करून ‘गेले तीन दिवस पाऊस कसा आहे?’ एवढे विचारा. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी असते.

३. बंदी आहे का ते पाहा आणि कागदपत्रे बरोबर घ्या

पावसाळ्यात अनेक धबधबे, धरणे आणि गडांवर जिल्हाधिकारी प्रतिबंधात्मक आदेश काढतात. १ जुलै २०२४ पासून असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पूर्वी त्यालाच आपण कलम १४४ म्हणत होतो. जिल्हा प्रशासनाचे ताजे आदेश वाचा. बंदी असताना ‘मागच्या बाजूने नेतो’ असे सांगणारा कोणीतरी नेहमी भेटतो. त्याच्याबरोबर जाऊ नका, कारण त्या वाटेवर तुम्ही अडकलात तर तुम्ही कुठे आहात हे कोणालाच ठाऊक नसते.

बरोबर ठेवायचे कागद असे: आधार किंवा अन्य ओळखपत्राची प्रत, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, अठरा वर्षांखालील कोणी असल्यास पालकांचे संमतिपत्र, आणि वन विभागाच्या नाक्यावर भरलेल्या प्रवेशशुल्काची पावती, उदाहरणार्थ कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाताना. हे सगळे एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चिठ्ठी शाईच्या पेनाने लिहू नका, पेन्सिलने लिहा. शाई ओलीने पसरते आणि नेमका फोन क्रमांकच वाचता येत नाही.

४. कोणाबरोबर जायचे

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी आहे का, दहा-बारा जणांमागे किती प्रशिक्षित लीडर असतील, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाकडे आहे आणि हवामान बिघडले तर ट्रेक रद्द होतो का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर ‘आमचा ट्रेक कधीच रद्द होत नाही’ असे अभिमानाने उत्तर आले, तर तिथे पैसे भरू नका. एका बसमधून सत्तर-ऐंशी जणांना नेणाऱ्या गटात तुमच्याकडे कोणाचेही लक्ष असणार नाही.

आयोजक हमीपत्रावर सही घेतात, ती लोक न वाचता करतात. ते शांतपणे वाचा. आपल्या प्रकृतीबद्दल आणि निर्णयाबद्दल आपण काय लिहून देत आहोत, ते समजून घेतल्यावरच सही करा. दमा, फिट येणे, हृदयविकार किंवा गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर लीडरला आधीच सांगा. संकोचाने लपवलेला आजार वाटेत सगळ्या गटाला थांबवतो.

मित्रांबरोबर स्वतंत्रपणे जात असाल तर निदान दोघांनी ती वाट आधी चाललेली असावी, किंवा पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्यावा. त्याच्या मेहनतान्यावर घासाघीस करू नका. जुलैमध्ये त्याच्या शेतात भाताची आवणी चालू असते आणि तो ती सोडून तुमच्याबरोबर येत असतो.

५. सॅकमध्ये काय असावे

सॅकवर घालायचे रेनकव्हर धुवाधार पावसात पुरे पडत नाही. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी पसरा आणि सगळे सामान तिच्यात भरा. इतर वस्तू अशा:

• कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, वेगळ्या पिशवीत. कितीही भिजलात तरी चालता चालता हा जोड घालायचा नाही; तो थांबल्यावर घालण्यासाठी आहे.
• अंगात लवकर वाळणारे कपडे. जीन्स नको, ती भिजून जड होते आणि तासन्तास वाळत नाही. जाड सुती कपडेही नकोत.
• खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट. नवे बूट थेट ट्रेकला घालू नका, आधी आठ-दहा दिवस घालून चाला.
• रेनकोट किंवा पोंचो. घाटमाथ्याच्या वाऱ्यात छत्री उलटी होते आणि एक हात कायमचा अडकतो.
• डोक्याला बांधायची बॅटरी, प्रत्येकाची स्वतःची, आणि जादा सेल. फोनचा उजेड यात धरू नका.
• शिट्टी, पॉवर बँक, आधीच डाउनलोड केलेला नकाशा.
• चंदेरी पातळ आपत्कालीन ब्लँकेट. वजन मुठीएवढे, उपयोग फार मोठा.
• क्रेप बँडेज, जंतुनाशक, जलसंजीवनीची पाकिटे, स्वतःची रोजची औषधे.
• दोन लिटर पाणी. पावसात तहान कळत नाही, पण घाम जातच असतो.
• चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे. यातला मूठभर खाऊ खिशात ठेवा, कारण पावसात सॅक उघडण्याचा कंटाळा येतो आणि लोक उपाशी चालतात.

६. परतीची वेळ घरीच लिहून ठेवा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. निघण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहा: कितीही जवळ आलो असलो तरी किती वाजता मागे फिरायचे, ओढ्याचे पाणी कुठवर असेल तर ओलांडायचे नाही, आणि गटातल्या कोणाची कोणती अवस्था दिसली की सगळ्यांनी परतायचे. माझ्या कागदावर सध्या दुपारी साडेबारा, गुडघा आणि ‘कोणीही कुडकुडू लागले तर’ असे लिहिलेले असते. जुलैत सूर्य सातनंतर मावळत असला तरी ढगात आणि झाडीत साडेपाचपासूनच पायाखालचे दिसेनासे होते, आणि ओल्या वाटेवर उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, हा त्या साडेबाराचा हिशेब आहे.

हा कागद गटात वाचून दाखवा. ‘एवढे आलोय तर अर्ध्या तासात माथा गाठू’ असे वर कोणीतरी म्हणणारच. आधी सगळ्यांनी होकार दिलेला असला की कोणा एकाला भित्रा ठरण्याची भीती राहत नाही. कागदच काय ते सांगतो. गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीला मागे फिरू असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे, हेही मोठ्याने सांगा.

याच कागदाची प्रत घरी ठेवा. तीवर वाटेचे नाव, पायथ्याचे गाव, तालुका, सोबत्यांची नावे, गाडीचा क्रमांक आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’ अशी वेळ लिहा. ‘लोणावळ्याकडे जातोय’ एवढे सांगून निघालेल्या माणसाला शोधायचे तरी कुठे?

७. ओढा ओलांडताना

चढताना प्रत्येक ओढ्याच्या काठावरचा एक ठळक दगड हेरून त्याचा फोटो काढा. परतताना तो दगड पाण्याखाली गेलेला असेल तर पाणी किती चढले हे अंदाजाने सांगायची गरज उरत नाही. पाणी नितळचे गढूळ होणे, काटक्या-पाने वाहून येऊ लागणे, आवाज अचानक जड होणे, ही पाणी वाढत असल्याची लक्षणे आहेत. पाण्यात असताना यातले काहीही जाणवले, तर जवळच्या काठाला तत्काळ बाहेर पडा.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी भोवतीने चढत गेले. प्रवाहातला खडक हे थांबण्याचे ठिकाण कधीच नव्हे, मग पाणी कितीही कमी असो.

वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. दोर बांधून जाण्याचा मोह होतो, पण प्रशिक्षण नसताना कमरेला बांधलेला दोर वाहून जाणाऱ्या माणसाला पाण्याखालीच अडकवून ठेवतो. पाणी कमी असताना ओलांडायचे असेल, तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट पायातच ठेवा, काठीने तळ चाचपत आणि प्रवाहाकडे तोंड करून एकेक पाऊल टाका, आणि खालच्या अंगाला धबधबा किंवा घळ नाही ना, हे आधी पाहा. नाहीतर थांबा. घाटातले लहान ओढे जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच झपाट्याने, पाऊस ओसरल्यावर काही तासांत, उतरतात. त्या काही तासांसाठीच तो कोरडा जोड आणि खाऊ बरोबर घेतलेला असतो.

८. धुके, वीज आणि दरड

तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर जाताना कातळटप्पा संपल्यावर एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या लागतात, आणि दाट धुक्यात तिथे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच गडावर धुक्यात आणि पावसात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातील एका तरुणाचा थंडीने मृत्यू झाला. धुके उतरले की गट एकत्र आणा, सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवा आणि शेवटची ओळखीची खूण दिसेपर्यंत मागे या. ‘पाण्याच्या कडेने खाली गेले की गाव लागते’ असे जे सांगितले जाते, ते सह्याद्रीत फार घातक आहे, कारण इथले ओढे कड्यावरून खाली कोसळतात. वाट सापडत नसेल तर वाऱ्याच्या आडोशाला एका जागी थांबा आणि शिट्टी वाजवा: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत.

विजेचा धोका भर जुलैपेक्षा मेअखेर, जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात अधिक असतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, तर बुरूज, माथा, ध्वजाचा खांब, लोखंडी रेलिंग आणि एकटे झाड यांपासून दूर व्हा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर येऊ नका.

दरडीबाबत एकच सांगतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसांनाही डोंगराने वेळ दिला नाही. उतारावर ताज्या भेगा, कललेली झाडे, सुटून येणारे बारीक दगड, किंवा वाहता ओढा एकाएकी आटलेला दिसला, तर फोटो काढत थांबू नका. बाजूला सरका आणि खालच्या वस्तीला कळवा.

९. गारठा ओळखा

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की अवस्था गंभीर होऊ लागते, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. भिजलेले अंग, घाटमाथ्याचा वारा आणि रिकामे पोट एवढे पुरते. सुरुवातीला माणूस कुडकुडतो, नंतर अडखळत बोलतो, ठेचकाळतो, बोटांची कामे जमेनाशी होतात आणि तो चिडून ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो. कुडकुडणे थांबले पण माणूस सुस्त झाला, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही. तो धोका आहे.

वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोके झाका, खाली सॅक किंवा दोर पसरून जमिनीपासून वेगळे बसवा, ब्लँकेटमध्ये गुंडाळा. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गोड, गरम पेय द्या. हातपाय जोरजोरात चोळू नका. दारू मुळीच देऊ नका. तिने ऊब आल्याचा भास होतो, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगून शरीरातली उष्णता अधिकच बाहेर जाते.

१०. मदत मागताना

आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. त्याशिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था राज्यातल्या गिर्यारोहक पथकांचा समन्वय करते. तिचा क्रमांक निघण्यापूर्वीच शोधून फोनमध्ये आणि कागदावर लिहून ठेवा. फोन लागला की आधी पायथ्याचे गाव आणि तालुका सांगा, मग वाट, शेवटची ओळखीची खूण, माणसे किती, जखमी किती, फोनची बॅटरी किती. त्यानंतर जागा बदलू नका. शोधायला येणारे बहुतेक जण स्वयंसेवक आणि गावातली माणसे असतात, आणि रात्रीच्या पावसात तीच निसरडी वाट तेही चढत असतात.

सुखरूप उतरलात की पायथ्याच्या नाक्यावर किंवा ज्यांच्या घरी गाडी लावली असेल त्यांना ‘आमचे सगळे उतरले’ असे माणसे मोजून सांगा आणि तिथूनच घरी फोन करा. पाचनईच्या त्या रात्री आम्ही झोपडीत चहा पीत असताना खाली गावातले दोघे आम्हाला शोधायला ओढ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत येऊन उभे होते.